हजेरीपट आणि आसरा : सोलापूर जिल्ह्यातील उपेक्षित मुलांच्या संस्थांचा मागोवा

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ नावाचा भाग आहे. रिक्षावाले हे नाव सहज उच्चारतात. टपाल त्या नावाने पोहोचते. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरही हाच पत्ता येतो. नाव इंग्रजी असल्यामुळे वसाहत इंग्रजांच्या काळातली असावी, एवढाच अंदाज नवखा माणूस बांधतो. पण या नावातल्या ‘फ्री’ या शब्दाचा अर्थ फार थोडे जण विचारतात. एका वस्तीला ‘मोकळी’ म्हणावे लागले, याचा अर्थ तिच्या शेजारी एक बंदिस्त वस्ती होती. तारेच्या कुंपणाच्या आत माणसे होती, आणि त्या माणसांना मुले होती.

मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन १९९० साली याच सोलापुरात भरले. त्यानंतर आपल्या लेखकांनी या मातीतला इतिहास बराच धुंडाळला. बहमनी आणि आदिलशाही काळ आला, सूफी दर्गे आले, हुतात्मा कुर्बान हुसेन आले. मात्र या इतिहासात मुले आली नाहीत. अनाथ, टाकून दिलेली, कामाला जुंपलेली, ‘बिघडलेली’ म्हणून हिणवली गेलेली मुले कुठे राहिली, त्यांना कोणी सांभाळले आणि सांभाळताना त्यांना काय समजले, हा विषय आपण समाजसेवेच्या अहवालांवर सोडून दिला. सोलापूर जिल्हा मात्र या विषयाची एक उघडी शाळाच आहे. दीडशे वर्षांत इथे मुलांसाठी ज्या संस्था निघाल्या त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर आपल्याही मोहल्ल्यांना उपयोगी पडेल असा एक धडा हाती लागतो.

पंढरपूरचा आसरा

सुरुवात पंढरपुरापासून करावी लागते. १८७५ च्या सुमारास लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ तिथे न्यायखात्यात अधिकारी होते. ते प्रार्थना समाजाच्या विचाराचे होते. पंढरपूर हे वारीचे गाव, त्यामुळे सगळ्या महाराष्ट्रातून माणसे येत. त्यांत विधवाही असत. त्या काळी उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत, नवरा गेला तर पुनर्विवाहाची वाट बंद असे आणि पुढचे सारे आयुष्य घरातल्याच माणसांच्या दयेवर काढावे लागे. अशा स्त्रीला दिवस गेले तर तिच्यापुढे दोनच मार्ग उरत. एक विहिरीचा आणि दुसरा नवजात मुलाचा गळा दाबण्याचा. बालहत्येचा खटला न्यायासनासमोर येतो तेव्हा मूल गेलेले असते आणि शिक्षा भोगायला एकटी आई उरते. पुरुषाचे नाव कागदावर येतही नाही.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. १८७५ साली लालशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या पाठबळाने पंढरपुरात अशाच मुलांसाठी आश्रम उभा राहिला. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. दख्खनच्या ज्या जिल्ह्यांना त्याने झोडपले त्यांत सोलापूर होता. आईबाप मेलेली, रस्त्यावर सोडून दिलेली मुले आश्रमात येऊ लागली आणि संस्थेचे काम वाढले. पुढे मुंबईचे प्रार्थना समाजिस्ट वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव तिला मिळाले. नवरंगे बालकाश्रम या नावाने महाराष्ट्र तिला ओळखतो.

या संस्थेचे महत्त्व ती किती जुनी आहे यात नाही. दारात ठेवलेल्या मुलाला बापाचे नाव नव्हते. त्या काळातल्या समाजाच्या नजरेत ते मूल म्हणजे पापाचा जिवंत पुरावा होता. ज्या समाजात जन्म हीच माणसाची पहिली आणि शेवटची ओळख होती, त्याच समाजातल्या काही माणसांनी ठरवले की हे मूल घ्यायचे आणि त्याचे कूळ विचारायचे नाही.

मुस्लिम वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. पैगंबर (स.) यांचे वडील त्यांच्या जन्माआधीच वारले आणि सहाव्या वर्षी आईही गेली. यतीम हा शब्द त्यामुळे आपल्याकडे कीव करण्याचा शब्द राहिला नाही, त्याला एक अदब आहे. याहून कमी जणांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे आपल्या फिक्हच्या ग्रंथांत ‘लकीत’ या नावाने वेगळे प्रकरण असते. लकीत म्हणजे वाटेत सापडलेले, टाकून दिलेले मूल. त्याला उचलून घेणे ही समाजाची जबाबदारी मानली आहे. गुलामगिरी सर्वत्र रूढ असलेल्या काळातही फकीहांनी नियम घातला, की सापडलेले मूल स्वतंत्रच मानावे. त्याच्या गुलामीचा संशय घेऊ नये. ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, त्याच्याबद्दल चांगलेच गृहीत धरावे, असा त्याचा अर्थ. पंढरपूरच्या आश्रमाचा पायाही याच समजुतीवर होता. त्यासाठी त्यांना आपले ग्रंथ वाचण्याची गरज पडली नाही.

तारेच्या आतले बालपण

याच जिल्ह्यात काही वर्षांनी जी दुसरी संस्था उभी राहिली, तिचा पाया नेमका उलटा होता.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्रित करून मांडला गेला. कायद्याचा गाभा साधा होता. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली, की तिच्यात जन्मणारा प्रत्येक जण संशयित ठरे. त्याने काही केले आहे का, हा प्रश्नच उरत नसे. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची आणि परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. या सगळ्यांना एका जागी आणून कामाला लावण्यासाठी ज्या वसाहती काढल्या, त्या सेटलमेंट.

मुंबई इलाख्यातल्या या कामाचे सूत्रधार ओ. एच. बी. स्टार्ट नावाचे सनदी अधिकारी होते. विजापूर भागात त्यांनी पहिले प्रयोग केले आणि नंतर सोलापूर, हुबळी, बारामती अशा ठिकाणी वसाहती झाल्या. सोलापूरची निवड सोयीची होती. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी इथे काढलेल्या जुन्या गिरणीपाठोपाठ इतर गिरण्या आल्या होत्या आणि त्यांना मजूर हवे होते. सरकारला या लोकांवर नजर ठेवायची होती आणि गिरण्यांना हात हवे होते. दोघांचे काम एका कुंपणात झाले. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या आत राहू लागली. भोंगा झाला की मोठी माणसे गिरणीत जात, परतली की हजेरी देत. रात्रीही हजेरी असे. ज्यांची वर्तणूक अधिकाऱ्यांना समाधानकारक वाटे, त्यांना कालांतराने कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहण्याची मुभा मिळे. तीच ही ‘फ्री’ कॉलनी.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवला गेला. हे केवळ सोलापुरातच घडले असे नाही. मद्रास, पंजाब, संयुक्त प्रांत इथल्या वसाहती साल्व्हेशन आर्मीसारख्या धर्मादाय संस्था चालवत होत्या. आंध्रातले स्टुअर्टपुरम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कायदा सरकारचा आणि कारभार सेवाभावी संस्थेचा, अशी ही व्यवस्था होती. आजच्या भाषेत बोलायचे तर हे एक स्वयंसेवी संस्थेचे काम होते, आणि त्याचा मुख्य भर मुलांवर होता. मोठी माणसे सुधारणार नाहीत, पुढची पिढी सुधारेल, असा त्या काळातल्या अधिकाऱ्यांचा आणि मिशनऱ्यांचा विश्वास होता.

मुलांसाठी वसाहतीत शाळा होती आणि ती सक्तीची होती. हस्तकलेचे, सुतारकामाचे शिक्षण होते. आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी मुलांना त्या काळी शाळेचे तोंडही पाहायला मिळत नव्हते, त्या मानाने इथे पाटी-पेन्सिल तरी हातात येत होती. वसाहतीत शिकलेल्यांपैकी काही जण पुढे आपल्या समाजाचे पहिले शिक्षक आणि कारकून झाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. मिशनच्या शिक्षकांमध्ये मनापासून जीव लावणारी माणसे होती, हेही मान्य करायला हवे.

पण त्याच कायद्यातले एक कलम वाचले की अंगावर काटा येतो. सहा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृहाच्या शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. अशा मुलाचा पालक म्हणून त्या शाळेचा अधीक्षक मानला जाई. आईबाप जिवंत, कुंपणाच्या पलीकडे राहणारे, आणि कायद्याच्या कागदावर मूल मात्र दुसऱ्याच्या ताब्यात. यतीमाला पालक देणे ही जगातल्या सगळ्या धर्मांनी पुण्याची गोष्ट मानली. इथे पालक असलेल्या मुलांना यतीम केले जात होते आणि त्यालाही सुधारणाच म्हटले जात होते.

पंढरपूर आणि सोलापूर ही एकाच जिल्ह्यातली दोन गावे. एका ठिकाणी ज्या मुलाचा जन्म समाजाला नकोसा होता, त्याला जन्म न विचारता जवळ घेतले. दुसऱ्या ठिकाणी फक्त जन्म विचारून मुलाचे नाव हजेरीपटावर घातले. पहिल्या ठिकाणी मुलाला जगापासून धोका आहे असे मानले होते. दुसऱ्या ठिकाणी जगाला मुलापासून धोका आहे असे मानले होते. दोन्हीकडे अन्न होते, छप्पर होते, शाळा होती. तरीही दोन्हींतून मोठी होणारी मुले स्वतःकडे एकाच नजरेने पाहू शकत नव्हती.

छप्परबंदांची गोष्ट

गुन्हेगार जमातींचा हा इतिहास आपल्याकडे ‘त्यांचा’ इतिहास म्हणून वाचला जातो. भटके-विमुक्त म्हणजे हिंदू समाजाच्या तळाशी असलेल्या जाती, अशी आपलीही समजूत असते. म्हणून छप्परबंदांची आठवण करून देणे आवश्यक आहे.

छप्परबंद हे मुसलमान. सोलापूरला लागून असलेल्या विजापूर जिल्ह्यात त्यांची मोठी वस्ती. मुघल फौजा दख्खनमध्ये आल्या तेव्हा सैन्यासाठी गवताच्या झोपड्या शाकारण्याचे काम करणारे ते छप्परबंद, अशी त्यांच्या नावामागची कथा सांगतात. फौजा गेल्या आणि काम गेले. १९०८ साली मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातले अधिकारी एम. केनेडी यांनी गुन्हेगार वर्गांवर जे पुस्तक लिहिले, त्यात छप्परबंदांची नोंद खोटी नाणी पाडणारे आणि फकिराच्या वेषात फिरणारे म्हणून झाली आहे. काही जण खोटी नाणी पाडतही असतील. पण पुस्तकातल्या त्या नोंदीने खोटे नाणे कधी हातातही न धरलेला माणूस, त्याची बायको आणि पाळण्यातले मूल, सगळ्यांवर एकच शिक्का मारला. नाण्यावरचा शिक्का खोटा आहे म्हणून शिक्षा करणाऱ्या सरकारने माणसांवर मात्र खोटे शिक्के बेधडक मारले.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने विमुक्त जातींची जी यादी केली, तिच्यातल्या चौदा जातींमध्ये छप्परबंद आहेत. म्हणजे सेटलमेंटच्या इतिहासात आपलाही वाटा आहे. मशिदीच्या सफेत शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या आजोबांनी कदाचित पोलीस पाटलाकडे हजेरी दिली असेल. आपल्या शरीफ घराण्यांनी ही गोष्ट विसरणे पसंत केले. मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली, सोलापूरच्या प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी मुसलमानांमधल्या जातवास्तवावर लिहिले, तेव्हा कुठे या विसरलेल्या बिरादऱ्यांची नावे मराठीत सन्मानाने उच्चारली जाऊ लागली.

गुन्हेगार कोण?

सेटलमेंटच्या हजेऱ्या चालू होत्या त्याच काळात तारेच्या बाहेरच्या सोलापुरात एक तरुण गिरणी कामगारांमध्ये वावरत होता. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे त्याचे नाव. ‘गझनफर’ हे पत्र तो चालवत होता. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले. गोळीबार झाला, माणसे मेली, पोलिसही मारले गेले, आणि १२ मे ते ३० जून शहरावर लष्करी कायदा लादला गेला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. कुर्बान हुसेनने तेव्हा विशी नुकतीच ओलांडली होती.

आज शहरातला चौक या चौघांना हुतात्मा म्हणतो. तेव्हाच्या सरकारी कागदावर ते खुनी होते. ज्या सरकारने पारध्याच्या सहा वर्षांच्या पोराला जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्याच सरकारने कुर्बान हुसेनलाही गुन्हेगार ठरवले. कुर्बानवरचा शिक्का आपण अभिमानाने पुसला. त्या पोरावरचा शिक्का पुसायची आपल्याला आठवण राहिली नाही.

याच स्टार्टसाहेबांच्या अध्यक्षतेखाली १९२८ साली मुंबई सरकारने दलित आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा हे सदस्य होते. १९३० साली अहवाल आला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, मुलांना सार्वजनिक शाळांत बरोबरीने प्रवेश यांवर तिने भर दिला. मुलाला सुधारायचे म्हणजे कोंडायचे, या कल्पनेपासून मुलाला सुधारायचे म्हणजे शिष्यवृत्ती द्यायची, या कल्पनेपर्यंत सरकारी विचार आला तो असा. यात मागासवर्गीय चळवळीच्या रेट्याचा वाटा मोठा होता.

कुंपण पडले, पुढे काय?

मुंबई प्रांताने १९४९ साली हा कायदा आपल्यापुरता रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पंडित नेहरूंनी येऊन तारा तोडल्या, ही आठवण विमुक्तांचे कार्यकर्ते आजही सांगतात. पण हजेरीची सवय झालेल्या व्यवस्थेला हजेरीशिवाय करमत नव्हते. सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा कायदा त्यातलाच. त्यात जमातीचे नाव नव्हते. पोलिसांच्या डोक्यातली यादी मात्र जुनीच राहिली.

मुलांच्या बाबतीत आश्रमशाळांची योजना आली आणि विमुक्तांच्या मुलांना निवासी शिक्षण मिळू लागले. या चळवळीतून सोलापूरचे बाळकृष्ण रेणके पुढे आले. भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे ते अध्यक्ष झाले आणि २००८ साली आयोगाचा अहवाल सरकारला सादर झाला. ज्या शहरात कुंपण होते, त्याच शहरातला माणूस देशभरच्या कुंपणांचा हिशेब मांडायला बसला, ही सोलापूरच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. मराठी साहित्यात लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ आले आणि ज्यांच्याबद्दल पोलिसांनी पुस्तके लिहिली होती, त्यांनी स्वतःची पुस्तके लिहिली. आपल्या छप्परबंदांची कहाणी मात्र अशा ताकदीने आपल्या साहित्यात अजून यायची आहे.

सुपातले बालपण

गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले तसे सोलापूरच्या गरीब घरांचे ओझे विडीवर आले. पद्मशाली, मुसलमान आणि इतर अनेक घरांतल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते. आईचे हजार पूर्ण व्हायचे तर घरातल्या मुलीने पाने भिजवायची, कापायची, विडीची तोंडे मिटायची. हे काम कारखान्यात नसून घरात चालते, म्हणून ते मजुरीत मोजले जात नाही. ‘आईला मदत’ या नावाखाली ते झाकले जाते. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी बनवणे हे मुलांना मनाई असलेल्या कामांत घातले. पण घरच्यांच्या मदतीने चालणाऱ्या घरातल्या कामाला त्यात सूट होती. विडीची तर सारी मजुरीच घरात होती.

पुढे राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाखाली सोलापुरात विशेष शाळा चालल्या. शाळा सुटलेल्या मुलांना तिथे जेवण, थोडे विद्यावेतन आणि नियमित शाळेत जाण्याइतकी तयारी मिळे. त्यांतल्या बऱ्याच शाळा स्थानिक संस्थांच्या आधारे चालत. २०२१ पासून हा प्रकल्प समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. दुसऱ्या बाजूने कामगार संघटनेने घरांचा लढा दिला. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारीच्या माळावर दहा हजार विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली.

मुलांच्या प्रश्नावर लिहिताना घरांचा उल्लेख का करायचा, असे कोणी विचारील. उत्तर असे की दोन खोल्यांचे का होईना, स्वतःचे घर, वीज आणि आईच्या नावाचा कागद असला की मुलीला अभ्यासाला कोपरा मिळतो. आईच्या मजुरीत दोन पैसे वाढले की सुपाजवळचे दोन हात मोकळे होतात. मुलाला आईबापांपासून तोडून सुधारण्याची सेटलमेंटची रीत आणि आईबापांना उभे करून मुलाला सोडवण्याची ही रीत, या दोन्ही सोलापूरने पाहिल्या आहेत. कोणती टिकाऊ, हे सांगण्याची गरज नाही.

आपला हजेरीपट

आता थोडे स्वतःकडे पाहू. टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या पंधरा तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. तो २०११ च्या सुमाराचा. राज्याच्या लोकसंख्येत आपण दहा-अकरा टक्के, आणि तुरुंगांत आपला वाटा त्याच्या तिपटीच्या आसपास. अभ्यासकांनी ज्यांच्याशी बोलणे केले त्यांत तरुण मोठ्या संख्येने होते, शिक्षण तुटपुंजे होते, आणि बहुतेकांचा संघटित टोळ्यांशी संबंध नव्हता. म्हणजे ‘जन्मतः संशयित’ ही कल्पना १९५२ साली संपली नाही. तिने पत्ता बदलला. एकेकाळी ती सेटलमेंटच्या कुंपणात राहत होती, आज ती आपल्या मोहल्ल्याच्या नाक्यावर उभी आहे. याबद्दल आपण बोलतो, संतापतो, आणि ते योग्यच आहे.

पण आपण स्वतः काय करतो? आपल्याकडे यतीमखाने आहेत, वसतिगृहे आहेत, बैतुलमाल आहेत. रमजानमध्ये जकात निघते. गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. पण निरीक्षणगृहातून सुटून आलेला पंधरा वर्षांचा मुलगा यांतल्या कोणत्या दारात उभा राहू शकतो? प्रवेशाच्या अर्जामागे अनेकदा चांगल्या चालचलनाचा दाखला मागितला जातो. तो कोणाकडून आणायचा? मोहल्ल्यातली माणसे त्याच्या बापाला म्हणतात, ‘भाईजान, इसको गाव भेज दो.’ दुकानदार त्याला कामावर ठेवत नाही. मित्रांच्या आया आपली पोरे त्याच्यापासून लांब ठेवतात. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच आपण ‘शरीफ’ नसल्याच्या कारणाने बाहेर ठेवतो. हाही एक हजेरीपटच झाला. तो वहीत नाही, लोकांच्या बोलण्यात आहे, इतकेच.

या बाबतीत देशाचा कायदा आपल्या पुढे गेला आहे. बाल न्याय कायद्याने, आधी २००० च्या आणि नंतर २०१५ च्या, असे ठरवले आहे की कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाची नोंद, काही अतिगंभीर प्रकरणांचे अपवाद वगळता, ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची. त्या चुकीमुळे पुढे त्याची नोकरी किंवा हक्क अडवायचा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि विमुक्त जमातींना ‘सराईत’ मानण्याच्या जुन्या रीतीवर बोट ठेवले. १८७१ साली जी वही उघडली गेली, तिचे एक पान मिटवायला दीडशे वर्षे लागली.

सरकारी वही न्यायालय मिटवू शकते. मोहल्ल्याच्या तोंडची वही आपणच मिटवायची आहे. त्यासाठी फार मोठी संस्था लागत नाही. जकातीच्या आठ हकदारांत कर्जाखाली दबलेला आहे आणि गुलामीतून सुटू पाहणाराही आहे. आपल्या बैतुलमालने वर्षाकाठी दहा अशा मुलांचा भार घेतला, एखाद्या मशिदीच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळची अभ्यासिका काढली, एखाद्या गॅरेजवाल्याने, शिंप्याने, वीजकाम करणाऱ्याने ‘मी याला हाताखाली घेतो’ असे म्हटले, वकिली करणाऱ्या एखाद्या तरुणाने बाल न्याय मंडळासमोर उभे राहायचे ठरवले, तर सुरुवात होते. अट एकच. दारात आलेल्या मुलाला पहिला प्रश्न ‘तू कोणाचा, काय केलेस’ हा नसावा. ‘जेवलास का’ हा असावा.

सेटलमेंट फ्री कॉलनीचे नाव बदलावे, अशी मागणी कधीमधी कोणी करतो. मला वाटते, ते नाव राहू द्यावे. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यातल्या ‘फ्री’ या शब्दाशी थोडे थबकावे. या शहरात मुलांना मोकळे होण्यासाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागत होता, हे त्याला कळावे. आणि मग घरी परतल्यावर आपल्या गल्लीतल्या कोणत्या मुलाकडून आपण अजूनही तो दाखला मागतो आहोत, हे त्याने मनाशी तपासून पाहावे.